पोपटज्वर आणि एक न सांगितलेली गोष्ट

(बी. एस्सी. अंतिम वर्ष, प्राणिशास्त्र)

आमच्या वडगावच्या घराच्या सोप्यात एक रिकामा पिंजरा टांगलेला आहे. येणारा-जाणारा विचारतो, "पाखरं कुठं गेली रे?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. या अंकासाठी शास्त्रीय विषयावर काही लिहावे असे आमच्या सरांनी सुचवले, तेव्हा प्रथम फुलपाखरांवर लिहावे असे मनात होते. पण वहीत टिपणे काढायला बसलो की नजर त्या पिंजऱ्याकडेच जाई. शेवटी ठरवले की जे वर्गात शिकलो त्यापेक्षा जे घरात शिकलो तेच लिहावे. लेखाचा विषय आहे सिटॅकोसिस, म्हणजे पक्ष्यांपासून माणसाला होणारा एक ताप. ग्रीक भाषेत पोपटाला 'सिटॅकोस' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. आपण सोयीसाठी त्याला पोपटज्वर म्हणू. कन्नड विभागातील आमचे मित्र हवे तर 'गिळी'वरून नाव पाडोत. रोग दोघांनाही सारखाच!

घरातली गोष्ट

मी पी. यू. सी. च्या दुसऱ्या वर्षाला होतो. दिवाळीच्या सुट्टीत साठवलेल्या पैशांतून बाजारातून चार रंगीत पक्षी आणले. विकणारा त्यांना 'लव्हबर्ड' म्हणत होता. आपल्याकडे सगळेच तसे म्हणतात, पण खरे पाहता ते बजरीगर, म्हणजे मूळचे ऑस्ट्रेलियातील लहान पोपट. खुराड्यात पन्नास-साठ पक्षी दाटीवाटीने कोंबलेले होते. त्यांतला एक निळा पक्षी घरी आल्यापासूनच अंग फुगवून, डोळे मिटून बसे. दाणे खाईना. विष्ठा पातळ आणि हिरवट होऊ लागली. पाचव्या दिवशी सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडलेला दिसला. आई रागावेल, पैसे वाया घालवले म्हणेल, या भीतीने मी कोणी उठण्यापूर्वी त्याला परसात कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरले आणि "एक उडून गेला" असे सांगितले.

माझ्या थोरल्या काकांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. त्यांचा जन्म यंत्रमागावर गेला. माग विकून घरी बसल्यापासून त्यांना काही तरी काम लागे. पिंजरा झाडण्याचे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले होते. सोप्याची दारे लावून, म्हणजे पक्षी निसटू नयेत म्हणून, ते वाळलेली विष्ठा खरडत, केरसुणीने झाडत आणि भुसा फुंकून टाकत. निळा पक्षी मेल्यानंतर दहा-अकरा दिवसांनी अण्णांना थंडी वाजून ताप भरला. डोके असे दुखे की ते कपाळाला पंचा करकचून बांधून पडत. दोन दिवसांनी कोरडा खोकला सुरू झाला.

डॉक्टरांनी नेहमीच्या न्यूमोनियाची औषधे दिली. चार दिवस गेले तरी ताप हटेना. एक्स-रेमध्ये फुप्फुसावर डाग दिसला. थुंकी तपासली, क्षयाचे जंतू सापडले नाहीत. घरात सर्वांचे एकमत झाले की हा मागाचा दोष आहे. "तीस वर्षं सुताची धूळ खाल्ली, ती आता बाहेर पडतेय," असे काकू म्हणाली, आणि ते कोणालाही पटण्यासारखेच होते.

अण्णांना दवाखान्यात ठेवले. तेथे एका तरुण डॉक्टरांनी विचारले, "घरी जनावरं, कोंबड्या, पक्षी वगैरे काही आहे का?" काकू म्हणाली, "कुठली हो डॉक्टर, म्हैस होती ती पण गेल्या साली विकली की." तिने खोटे सांगितले नाही. तिच्या हिशेबी घरातले जनावर म्हणजे म्हैस. पिंजऱ्यातले पक्षी हा पोराचा खेळ होता, तो काय डॉक्टरांना सांगायचा? मी मात्र तिथेच उशाशी उभा होतो. मला प्रश्न कळला होता. तरीही मी गप्प राहिलो, कारण पक्षी म्हटले की मेलेल्या पक्ष्याची गोष्ट निघाली असती.

त्या रात्री अण्णांचा श्वास जोरात चालू होता. पहाटे मी त्या डॉक्टरांना गाठून सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. "किती दिवस झाले? विष्ठेचा रंग कसा होता? पिंजरा कोण झाडत होतं?" एवढेच तीन प्रश्न त्यांनी विचारले आणि औषध बदलले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अण्णांना पोपटज्वरच झाला होता, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या जंतूची खास तपासणी करण्याची सोय तेथे नव्हती, आणि रक्तातील प्रतिपिंडांवरून निदान करायचे तर काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त तपासावे लागते. दुसऱ्या वेळेपर्यंत अण्णा घरी येऊन जेवू लागले होते. डॉक्टरांनी संशयावरून उपचार केला आणि तो लागू पडला. या रोगाच्या बाबतीत पुष्कळदा असेच घडते, आणि म्हणूनच संशय येणे फार महत्त्वाचे.

जंतूची ओळख

या रोगाच्या जंतूचे नाव क्लॅमिडिया सिटॅसी. हा एक जीवाणू आहे, पण त्याची राहणी विषाणूसारखी. जिवंत पेशीच्या आत शिरल्याखेरीज तो वाढू शकत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेत इतर जीवाणूंसारखा तो साध्या पोषक माध्यमावर वाढवता येत नाही.

त्याची दोन रूपे असतात. पहिले रूप 'एलिमेंटरी बॉडी'. ते आपल्या धान्याच्या बीजासारखे समजावे : लहान, कठीण, निष्क्रिय, पण बाहेरच्या जगात टिकून राहणारे. एका मिलिमीटरचे तीन हजार भाग केले तर त्यांतल्या एका भागाएवढे ते असते. वाळलेल्या विष्ठेत ते कित्येक महिने जिवंत राहू शकते. धुळीबरोबर श्वासावाटे फुप्फुसात गेले की ते पेशीत शिरते आणि दुसरे रूप धारण करते. या 'रेटिक्युलेट बॉडी'चे काम म्हणजे केवळ वाढणे आणि दुभागणे. दोन-तीन दिवसांत एकाचे शेकडो होतात, पुन्हा बीजरूप घेतात, पेशी फुटते आणि ते शेजारच्या पेशींवर तुटून पडतात.

शोधाचा वाकडा मार्ग

या रोगाचा इतिहास वाचताना मला थोडा धीर आला. चुकीच्या ठिकाणी शोधणारे आम्हीच पहिले नव्हतो.

१८७९ साली स्वित्झर्लंडमधील उस्टर या गावी याकोब रिटर नावाच्या डॉक्टरांना आपल्या भावाच्याच घरात एक विचित्र न्यूमोनिया आढळला. सात जण आजारी पडले, तिघे दगावले. घराच्या अभ्यासिकेत परदेशी पक्ष्यांचे पिंजरे होते, आणि रिटरनी आजाराचा संबंध त्या खोलीशी जोडला. जंतुशास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. रिटरनी केवळ कोण कोठे बसत होते हे नीट विचारले.

१८९२ मध्ये दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या पोपटांमुळे पॅरिसमध्ये साथ आली. ४९ जणांना लागण झाली, १६ जण मेले. पुढच्या वर्षी नोकार या नामवंत फ्रेंच पशुवैद्यक शास्त्रज्ञाने मेलेल्या पोपटांच्या पंखांतील हाडांच्या मगजातून एक जंतू वेगळा केला आणि हाच रोगाचा कर्ता असे जाहीर केले. तो जंतू खरा होता, पण गुन्हेगार दुसराच होता. नोकारना सापडला होता साल्मोनेला वर्गातील एक जंतू. एका मोठ्या माणसाचे मत म्हणून जग पुढची पस्तीसहून अधिक वर्षे त्याच जंतूचा माग काढत राहिले, आणि रोग्यांत तो सापडेना तेव्हा रोगाबद्दलच शंका घेऊ लागले.

१९२९ च्या उत्तरार्धात अर्जेंटिनात साथ उसळली आणि तेथील पोपट नाताळच्या बाजारासाठी जहाजांतून युरोप-अमेरिकेत पोहोचले होते. भेट म्हणून आलेला पोपट नाताळातच मेला आणि मागोमाग घरची माणसे आजारी पडली, अशा बातम्या येऊ लागल्या. एकट्या अमेरिकेत १६९ रुग्ण आणि ३३ मृत्यू नोंदले गेले. २४ जानेवारी १९३० रोजी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी पोपटांच्या आयातीवर बंदी घालणारा हुकूम काढला.

वॉशिंग्टन येथील सरकारी हायजिनिक लॅबोरेटरीत डॉ. चार्ल्स आर्मस्ट्राँग व त्यांचे सहाय्यक अँडरसन तळघरात आजारी पोपटांवर संशोधन करीत होते. फेब्रुवारी १९३० मध्ये अँडरसन या रोगाने मरण पावले. आर्मस्ट्राँगही अंथरुणाला खिळले. बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तद्रवाने ते वाचले. मग त्या इमारतीतील असे लोक आजारी पडू लागले की ज्यांनी पोपटांना हात लावला नव्हता. रोग हवेतून, धुळीबरोबर प्रवास करतो याचा याहून दारुण पुरावा कोणता? शेवटी प्रयोगशाळेचे संचालक डॉ. मॅकॉय यांनी इतरांना आत येऊ न देता स्वतःच्या हाताने सर्व पक्षी मारले आणि इमारत विषारी वायूने निर्जंतुक करवली. त्याच वर्षी या संस्थेचे रूपांतर आजच्या प्रसिद्ध 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ'मध्ये झाले.

त्याच वर्षी लंडनमध्ये सॅम्युएल बेडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की खरा जंतू जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून पार जातो. नोकारांचा जंतू बाद झाला. मात्र गाळणीतून जातो त्या अर्थी तो विषाणूच, अशी दुसरी चूक झाली. त्याला पेशीभित्तिका आहे, डी.एन.ए. आणि आर.एन.ए. दोन्ही आहेत, तो दुभागून वाढतो, म्हणजे तो जीवाणूच आहे, हे निश्चित व्हायला १९६० चे दशक उजाडावे लागले.

आणखी एक शोध आमच्या घराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. कॅलिफोर्नियात कार्ल मेयर यांनी १९३० नंतर दाखवले की घरोघरी पैदास केलेल्या, दिसायला धडधाकट अशा बजरीगरांतही हा जंतू दडून असतो. ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन बर्नेट यांना तो रानातल्या पोपटांतच सापडला. मोकळ्या रानात पक्षी त्याच्यासह सुखाने जगतो. त्याला पकडून, उपाशी ठेवून, दाटीत कोंबून दूरच्या प्रवासाला नेले की दडलेला जंतू उसळतो आणि विष्ठेतून बाहेर पडू लागतो. हे वाचले आणि मला बाजारातले ते खुराडे आठवले.

लक्षणे आणि संसर्ग

लागण झाल्यापासून साधारण ५ ते १४ दिवसांत माणसाला लक्षणे दिसतात : एकाएकी ताप, थंडी, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला. ताप जास्त असूनही नाडी त्या मानाने मंद असू शकते. सुरुवातीला फ्लू किंवा विषमज्वर वाटतो, पुढे न्यूमोनिया. क्वचित हृदय, यकृत, मेंदू यांनाही इजा होते. पक्ष्यांत पिसे फुगवून बसणे, दाणापाणी टाकणे, डोळ्यानाकातून पाणी, हिरवट विष्ठा ही चिन्हे असतात. काहींत एकही चिन्ह नसते.

नावात पोपट असला तरी कबुतरे, बदके, टर्की इत्यादी अनेक पक्ष्यांत हा जंतू आढळतो. तो पक्ष्यांवरच थांबतो असेही नाही. २०१४ साली ऑस्ट्रेलियात एका घोडीच्या गर्भावरणाची हाताळणी केल्यावर पशुवैद्यक शाळेतील काही जण याच रोगाने आजारी पडले. माणसाकडून माणसाला मात्र तो फार क्वचित होतो. कोंबडीचे शिजवलेले मांस खाल्ल्याने तो होत नाही.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. बर्ड फ्लू हा वेगळा रोग असून तो विषाणूमुळे होतो. कबुतरांच्या विष्ठेच्या व पिसांच्या धुळीची ॲलर्जी होऊन फुप्फुसे घट्ट होत जातात, तो विकारही वेगळा. २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखान्यांवरून जो वाद झाला, त्यात अशा श्वसनविकारांची पुष्कळ चर्चा झाली. रोग निराळे असले तरी पक्ष्यांची वाळलेली घाण छातीत जाऊ देऊ नये, हा धडा तिन्हींना समान आहे.

हा रोग जुना झाला, असेही कोणी समजू नये. मार्च २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ऑस्ट्रिया, डेन्मार्क, जर्मनी, स्वीडन व नेदरलँड्स या देशांत रुग्णांची संख्या नेहमीपेक्षा वाढल्याचे कळवले. त्यांत पाच जण दगावले होते. बहुतेकांचा पाळीव किंवा रानपक्ष्यांशी संबंध आला होता.

उपचार

प्रतिजैविके येण्यापूर्वी या रोगाने शंभरांतील पंधरा-वीस माणसे मरत. आज वेळेवर योग्य औषध मिळाल्यास शंभरांत एकही मरत नाही. एवढा फरक, पण अट 'योग्य' या शब्दाची आहे. पेनिसिलीनच्या जातीची औषधे जीवाणूची भिंत बांधू देत नाहीत. हा जंतू पेशीच्या आड लपलेला आणि त्याच्या भित्तिकेची घडणही निराळी. त्यामुळे तो त्यांना पुरता दाद देत नाही. टेट्रासायक्लिन वर्गातील औषधे, विशेषतः डॉक्सिसायक्लिन, पेशीत शिरून जंतूची प्रथिने तयार होणे बंद पाडतात. बहुधा दोन दिवसांत ताप उतरू लागतो. उतरला म्हणून गोळ्या थांबवायच्या नसतात. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्यासाठी डॉक्टर दुसऱ्या वर्गातील औषध निवडतात. तेव्हा हा लेख वाचून कोणी दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत.

घरात काय करावे

१. पिंजरा कधीही कोरडा झाडू नये. आधी पाणी किंवा जंतुनाशक शिंपडून घाण ओली करावी, मग कागदासकट उचलावी. तळाशी अंथरलेला कागद रोज बदलावा.

२. हे काम दारे-खिडक्या उघड्या ठेवून, नाकातोंडावर चांगला मास्क लावून करावे. नंतर हात साबणाने धुवावेत. पिंजऱ्यातला भुसा तोंडाने फुंकू नये; चोचीला तोंड लावून दाणा भरवू नये.

३. नवा पक्षी निदान महिनाभर इतरांपासून वेगळा ठेवावा. दाटीच्या, घाणेरड्या खुराड्यातला पक्षी घेऊच नये.

४. पक्षी आजारी पडला किंवा मेला तर पशुवैद्यांना दाखवावे. पक्ष्यांवर उपचार होऊ शकतो. आमच्या उरलेल्या तीन पक्ष्यांना ४५ दिवस औषध दिले. पुढे पशुवैद्यांच्या संमतीने ते ओळखीच्या एका मोठ्या पक्षीघरात गेले.

५. आपल्या रानातला हिरवा पोपट पकडणे, विकणे, पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पण घरात तो असेल आणि घरातील माणूस तापाने फणफणला असेल, तर कायद्याच्या भीतीने ते डॉक्टरांपासून लपवू नये.

६. आणि सर्वांत महत्त्वाचे. न्यूमोनियासारखा आजार झाला तर डॉक्टरांनी विचारो न विचारो, घरात पक्षी आहेत, कबुतरांना रोज दाणे घालतो, शेजारी कोंबड्या-बदके आहेत, हे आपणहून सांगावे.

अण्णा आता ठणठणीत आहेत. दवाखान्यातून घरी आल्यावर आठवड्याने मी त्यांच्यापुढे निळ्या पक्ष्याची गोष्ट कबूल केली. ते बराच वेळ कढीपत्त्याच्या झाडाकडे बघत बसले. मग म्हणाले, "मेलेलं पाखरू पुरलंस ते बरं केलंस. पण गोष्ट कशाला पुरलीस रे?"

पिंजरा टाकून द्यावा असे आईचे म्हणणे होते. अण्णांनीच तो धुवून, उन्हात वाळवून पुन्हा सोप्यात टांगला. यापुढे कोणी "पाखरं कुठं गेली?" असे विचारले तर वेळ मारून न नेता सगळे सांगायचे, असे मी ठरवले आहे. त्याची सुरुवात या लेखाने केली.